तेल न चाखलेला फिल्टर

मी एक जुना, पोटाशी कापलेला ऑइल फिल्टर आहे. आमच्या दुकानातल्या दादांच्या लग्नात नवरीकडची मंडळी वाटेत गाडी बंद पडल्यामुळे पंगती उठल्यावर पोहोचली, त्या वर्षी मला कापले.

मित्रांनो, तुम्ही गाडीत बसता, पण फिल्टर तुमच्यापैकी फार थोड्यांनी पाहिला असेल. इंजिनात तेल सारखे फिरत असते. फिरता फिरता त्यात काजळी मिसळते, धातूचा बारीक कीस मिसळतो. ते तेल आमच्या पोटातून जाते आणि स्वच्छ होऊन परत इंजिनात जाते. घाण आम्ही ठेवून घेतो. एवढेच आमचे काम. पण ते नसेल तर इंजिन आतून झिजत जाते आणि एक दिवस जागच्या जागी जखडते.

माझा जन्म कारखान्यात झाला. पत्र्याची एक गोल चकती यंत्राखाली ठेवली, वरून दणका बसला आणि चकतीचा पेला झाला. त्या पेल्यात चुण्या घातलेला कागद बसवला, खाली एक स्प्रिंग ठेवली, आत मऊ रबराचे एक झाकण घातले आणि तोंडाभोवती काळ्या रबराची गोल कडी दाबून बसवली. ही कडी फार महत्त्वाची. तिच्यामुळेच फिल्टर इंजिनाला घट्ट बसतो आणि तेल बाहेर येत नाही. दुकानात तिला सगळे नुसते 'रबर' म्हणतात.

मग मला खोक्यात भरून एका दुकानात पाठवले. तिथे गाडीचे तेल झटपट बदलून मिळत असे. जमिनीत लांबट खड्डा होता. गाडी त्यावर आणून उभी करायची, खाली उतरलेल्या कारागिराने जुने तेल सोडायचे, जुना फिल्टर काढून नवा लावायचा, वर येऊन नवे तेल ओतायचे. गाडीवाल्याचा चहा संपायच्या आत गाडी तयार. फळीवर आम्ही तीन जातींचे फिल्टर मांडलेले असायचो. साधा, मधला आणि भारी. मी मधला. भारीचे अंग सोनेरी, टोपी खरखरीत, हातातून निसटायची नाही अशी. तो फळीवर नुसता बसला तरी साहेब बसल्यासारखा वाटे. मला तो पहिल्या दिवसापासून आवडला नाही.

आता त्या लग्नाचे सांगतो. दुकान दादांच्या वडिलांचे होते. त्यांना सगळे आबा म्हणत. नवरीचे मामा काळ्या हातांनी आणि घामेजल्या सदऱ्याने मांडवात शिरले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "गाडीचं काही कळेना बुवा. फिल्टर तर नवाच घातला होता. आणि फिल्टरमध्ये असतं काय हो? डबा तो डबा. कुठलाही लावा."

आबांचा चेहरा लाल झाला. पण पाहुणे नवरीचे मामा होते, त्यांना काय बोलणार? आबांनी तो राग घरी नेला, रात्रभर उशाशी ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात घेऊन आले. आल्या आल्या त्यांनी फळीवर हात टाकला. हात माझ्यावर पडला. माझ्या शेजारच्यावर पडला असता तर ही गोष्ट त्याने सांगितली असती. आबांनी मला लोखंडी पकडीत आवळले आणि करवतीने माझ्या कुशीत चांगली रुंद खिडकी कापली. "आता येऊ दे त्या मामांना," ते म्हणाले. "आत काय असतं ते दाखवतोच." पण मामा सकाळच्याच गाडीने आपल्या गावी निघून गेले होते. मी कापलेला तो कापलेलाच राहिलो. मला काउंटरवर ठेवले.

माझ्या खोक्यातले भाऊबंद एकेक करून खाली खड्ड्यात गेले. गेले ते कोरे, चकचकीत. काही महिन्यांनी परत आले ते काळे, जड, कुठेतरी पोचा आलेले, जळक्या तेलाचा वास मारणारे. त्यांना पालथे घालून निथळायला ठेवत. मी काउंटरवरून पाहत असे. एक घाटातून आलेला असे. एक रोज पहाटे दवाखान्यात रोगी पोहोचवणाऱ्या गाडीतून आलेला असे. त्यांच्या अंगावर काम दिसत होते. माझ्या अंगावर काय होते? रोज सकाळी मला मऊ फडक्याने पुसत. पुसून घेण्यात कसले आले मोठेपण?

मला त्यांचा हेवा वाटे, मित्रांनो. साध्याचाही वाटे. तो बिचारा लवकर थकून येई, पण येई तो तेल पिऊन. मी फिल्टर असून तेलाचा थेंब चाखला नव्हता.

काउंटरवर चिमी बसत असे. चिमी म्हणजे दादांची धाकटी बहीण. गिऱ्हाइके तिला ताई म्हणत. लहानपणी आबांनी तिला खड्ड्यात नेले होते. ती त्यांना नट सोडवायचे पाने द्यायची, फडकी पिळायची आणि कुठल्या गाडीचा नट कुठे आहे ते अंधारात सांगायची. ती मोठी झाली तसे आबांनी तिला वर बसवले. पुढे आबा थकून घरी बसले, खड्डा दादांकडे आला आणि काउंटर चिमीकडे राहिले.

बोलण्यात तिचा हात कोणी धरला नसता. गिऱ्हाईक आले की ती मला उचलून त्याच्या हातात द्यायची. त्या दुकानाची ती रीतच होती.

"हा कागद बघा, ताणून बघा. साध्यात कागद कमी असतो, लवकर भरतो. आणि हे रबराचं झाकण. हे कडक झालं की रात्री तेल खाली उतरून जातं. सकाळी गाडी सुरू करताना खडखड आवाज येतो ना तुमच्या?"

"येतो, येतो."

"ते इंजिन कोरड्या घशाने ओरडतं. रोज लांब पल्ला असेल तर भारी घ्या. गावातल्या गावात फिरत असाल आणि तेल वेळेवर बदलत असाल तर मधला पुरे. उगाच भारी घेऊ नका."

ती 'मधला पुरे' म्हणाली की माझी छाती फुगत असे. तेवढ्यात एखादा म्हणे, "ताई, मला तो सोनेरीच द्या. माझ्या गाडीच्या रंगाला शोभतो." गाडीच्या पोटाखाली, चिखलात, कोणालाही न दिसणाऱ्या जागी तो कोणाला शोभणार होता? पण जायचा तोच. मी परत काउंटरवर.

आणि गाडी सुरू झाली की गिऱ्हाईक खड्ड्याकडे वाकून म्हणे, "दादा, हाताला गुण आहे हो तुमच्या!" मला आणि चिमीला कोणी काही म्हणत नसे.

एकदा ती म्हणाली, "दादा, मला उतरू दे की खाली."

"तू छान बोलतेस वर. तिथंच शोभतेस."

"छान बोलते म्हणून जन्मभर बोलतच बसू?"

"चिमे, खाली काय गंमत आहे का? केसात तेल गळतं."

"केस माझे आहेत."

दादा हसले आणि शिडीने उतरून गेले. चिमीने मला पुसायला घेतले आणि इतके जोराने पुसले की माझा रंग गेला. तेव्हा मला कळले की या दुकानात हेवा करणारा मी एकटा नाही.

दादांची एक गोष्ट गिऱ्हाइकांना माहीत नव्हती. त्यांची नजर कमी झाली होती. चष्म्याचा विषय काढला की ते म्हणत, "खड्ड्यात चष्म्यावर तेलच पडणार." खाली त्यांचे बोटच त्यांचा डोळा झाला होता. जुना फिल्टर काढला की इंजिनाच्या त्या सपाट जागेवर ते उघडे बोट फिरवून बघत. कारण कधी कधी फिल्टर निघतो आणि त्याचे रबर मात्र इंजिनालाच चिकटून राहते. त्यावर नवा फिल्टर लावला की रबरावर रबर येते. गाडी उभी असेपर्यंत ते धरून ठेवते. रस्त्यावर तेल तापले, दाब वाढला, की एक रबर सरकते आणि सगळे तेल भसाभसा रस्त्यावर.

म्हणून आबांनी घालून दिलेली पद्धत होती. चिमी वरून विचारायची, "रबर?" दादा खालून ओरडायचे, "आलं!" मग तो जुना फिल्टर ताटलीत घालून वर काउंटरवर आणायचा, गिऱ्हाइकाला दाखवायचा आणि चिमीने त्याच्या तोंडाशी रबर आहे ना ते पाहायचे. त्यानंतरच नवे तेल ओतायचे.

हे सारे बिघडले ते समोर नवे दुकान निघाले म्हणून.

समोरच्या दुकानात काचेच्या भिंती होत्या, कॉफीचे यंत्र होते आणि कारागिरांच्या अंगावर एकसारखे निळे कपडे होते. दादा जेवणाचा डबा खाताना तिकडेच बघत. "बघ, बघ," ते म्हणत, "हातमोजे घालून काम करतात. डॉक्टर झालेत मोठे." तोंडाने नावे ठेवत होते, पण घास हातातच राहत होता.

तेवढ्यात भारी फिल्टर विकणाऱ्या कंपनीचा माणूस आला. गळ्यात टाय. त्याने काउंटरवर एक वस्तू ठेवली आणि बटण दाबले. पारदर्शक प्लॅस्टिकचा फिल्टर! आत निळा दिवा लागला, पिवळे पाणी गोल गोल फिरू लागले. रस्त्याने जाणारी पोरे आत येऊन बघू लागली. मित्रांनो, तो फिल्टरसुद्धा नव्हता. ते खेळणे होते. पण सगळे त्याच्याभोवती गोळा झाले.

"हे आमच्याकडून भेट," टायवाला म्हणाला. "आणि हे हातमोजे. मोठ्या दुकानांतून आता सगळे वापरतात. आणि दादा, एक सांगू? तो जुना घाणेरडा फिल्टर गिऱ्हाइकापुढे आणत जाऊ नका. किळस येते लोकांना. समोरचे आणतात का कधी?"

समोरचे आणत नाहीत, एवढे ऐकणे दादांना पुरेसे होते.

"अहो, पण आमची पद्धत आहे ती," चिमी म्हणाली.

"आबांच्या वेळची," दादा म्हणाले. "बघ तरी, कसा दिवा लागतो."

त्या दिवसापासून दादा हातमोजे घालून काम करू लागले आणि जुने फिल्टर खालच्या खाली पिंपात जाऊ लागले. निळा दिवा माझ्या जागी बसला. माझे काय झाले? माझ्या कुशीतल्या खिडकीत पेने खोचली. दोन पेने, एक बोथट पेन्सिल आणि एक मोडका पेचकस. मी पेनांचा डबा झालो. आणि तो शेजारी दिवसभर लुकलुकत राहिला. त्याचे बटण बिघडावे म्हणून मी किती वाट पाहिली म्हणून सांगू!

मग एका सकाळी शाळेची गाडी चालवणाऱ्या मावशी आल्या. त्यांच्या गाडीत रोज पोरे असत, म्हणून त्यांनी भारी निवडला. मी पेनांच्या आडून त्याला जाताना पाहिले. सोनेरी, ऐटबाज.

"रबर?" चिमीने विचारले.

"आलं!" दादा ओरडले.

मावशी कॉफीच्या यंत्रावरून चिमीशी बोलत होत्या. "समोर फुकट कॉफी देतात म्हणे. पण काय सांगू, औषधासारखी लागते." दोघी हसल्या. दादांनी तेल ओतले, इंजिन सुरू करून खाली वाकून पाहिले. थेंबही पडला नाही. गाडी गेली.

दुपारी फोन वाजला. चिमी ऐकत राहिली आणि तिचा चेहरा उतरत गेला. शाळेची गाडी पुलाच्या चढावर बंद पडली होती. मागे रस्त्यावर तेलाचा पाट. इंजिन जखडले होते. पोरे सुखरूप होती, कठड्याशी उन्हात उभी होती. चिमी पाने घेऊन निघाली. संध्याकाळी ती मावशींना घेऊन परत आली. मावशी दारातच थांबल्या. चिमी आत आली आणि तिने तो सोनेरी फिल्टर काउंटरवर, माझ्या शेजारी ठेवला. त्याच्या अंगाला धूळ आणि तेल यांचा राप बसला होता. मला जन्मभर ज्याचा हेवा वाटला तो माझ्या शेजारी असा आला होता.

"फिल्टरच फुटका असणार," दादा लगेच म्हणाले. "कंपनीची खोट आहे. त्या टायवाल्याला आत्ता फोन लावतो."

"दादा, मोजा काढ आणि याच्या तोंडावरून बोट फिरव."

"कशाला?"

"फिरव तर."

दादांनी मोजा काढला. बोट एका रबरावरून गेले. मग दुसऱ्यावर गेले. एक मऊ, नवे. दुसरे चपटे, वाळून कडक झालेले. दादांचे बोट तिथेच थांबले.

"मी ओरडलो होतो आलं म्हणून," ते हळूच म्हणाले.

"ओरडलास. आणि मी ऐकलं. बघितलं कोणी? तूही नाही आणि मीही नाही."

"या मोज्यातून लागतच नाही गं हाताला काही."

"आणि डोळ्यांनी?"

दादा वळले. बाहेर बघत राहिले. समोरच्या दुकानात दिवे लागले होते.

"चिमे, कोणाला कळणार आहे? कंपनी एवढी मोठी. एका फिल्टरने त्यांचं काय बिघडतं? आणि समोरच्यांना हे कळलं तर?"

"मावशी दारात उभ्या आहेत. तू सांगशील ते मी त्यांना सांगते. बोलायचंच काम आहे माझं. पण मग उद्यापासून मी वरून 'रबर?' म्हणून विचारणार नाही. तू काहीही ओरडशील, मी काहीही ऐकेन. कशाला घसा कोरडा करायचा?"

दादा उठले. त्यांचा पाय काउंटरला अडखळला. पेने खाली सांडली. ते दारापर्यंत गेले.

"मावशी, चूक माझी आहे. जुनं रबर इंजिनला चिकटून राहिलं होतं. मला दिसलं नाही. मला हल्ली नीट दिसतच नाही."

मावशींनी त्यांच्याकडे पाहिले. "दिसत नाही तर आधी सांगायचं की रे! गाडीत पोरं असतात माझ्या. पुलावर उभी केली मी त्यांना. एकाचा हात धरला तर दुसरा कठड्यावर चढतोय. जीव थाऱ्यावर नव्हता माझा."

"इंजिन मी माझ्या खर्चाने पुन्हा बांधून देतो. तोवर आमची गाडी न्या शाळेला."

"तुझ्या गाडीत तेलाचा वास मारतो. नाकं मुरडतील पोरं."

"मुरडू देत."

मावशींनी किल्ली घेतली. जाताना म्हणाल्या, "आणि चष्मा घे आधी, मेल्या."

दुकानात दोघेच उरले. दादांनी हातमोजे कचऱ्याच्या डब्यात टाकले. ते खड्ड्याच्या काठावर जाऊन उभे राहिले.

"चिमे, उद्यापासून तू उतर खाली."

"आणि तू?"

"मी वर बसतो. बोलेन काहीतरी."

"तुला बोलता येतं?"

"नाही. शिकव."

या गोष्टीचा मला आनंद झाला असेल असे तुम्हाला वाटेल. नाही झाला. इतकी वर्षे काउंटरवर आम्ही दोघे होतो, ती आणि मी. दोघेही दाखवणारे, दोघेही कोरडे. आता ती खाली गेली. संध्याकाळी ती शिडी चढून वर यायची तेव्हा तिच्या केसांत तेल असे, गालावर काळा पट्टा असे आणि ती गाणे गुणगुणत असे. ती मला पुसायचेही विसरली. तिचाही मला हेवा वाटला, अगदी मनापासून.

आणि दादा? गिऱ्हाइके आता खड्ड्याकडे वाकून म्हणत, "ताई, हाताला गुण आहे हो तुमच्या!" दादा खुर्चीत चुळबुळ करत. माझ्याकडे बघून पुटपुटत, "इतकी वर्षं मी काय हात बांधून बसलो होतो का?" आम्ही दोघे शेजारी शेजारी बसून जळत असू. सोबत चांगली होती.

चष्मा आला, पण फार उपयोग झाला नाही. निळ्या दिव्याचे खेळणे दादांना नीट दिसत नव्हते, म्हणून ते त्यावरून काही समजावूही शकत नव्हते. त्यांना हाताला लागेल असे काहीतरी हवे होते. एक दिवस त्यांनी मला उचलले आणि एका गिऱ्हाइकाच्या हातात दिले. "बघू नका नुसतं," ते म्हणाले. "आत बोट घाला. हा कागद. हे झाकण. हे रबर. कळलं?" त्यांचे बोलणे चिमीसारखे गोड नव्हते. पण लोक बोट घालून बघत आणि त्यांना पटे.

जुने फिल्टर पुन्हा ताटलीतून वर येऊ लागले. दादा वरून विचारत, "रबर?" चिमी खालून ओरडे, "आलं!" तरी दादा प्रत्येकाच्या तोंडावरून स्वतःचे बोट फिरवत आणि मगच मान हलवत. चिमीला राग येई. "माझ्यावर विश्वास नाही का रे?" "माझ्यावर ठेवलास, काय झालं?" असे ते म्हणत. त्यांच्या बोटाला लागलेले तेल कधी कधी माझ्या अंगाला पुसले जाई. वापरलेले, काळे तेल. ते कोणी फडक्याने पुसून टाकू नये अशी माझी फार इच्छा असे.

मित्रांनो, मी अजून काउंटरवर आहे. सोनेरी अजून माझ्यासमोरून ऐटीत खाली जातो आणि मला अजून ते सहन होत नाही. म्हातारा झालो म्हणून हेवा कमी होतो असे कोणी सांगितले तर खरे मानू नका. पण तुमच्या घरात नवी वस्तू येईल तेव्हा एवढे करा. ती लावण्याआधी जुन्या वस्तूचे काही मागे चिकटून राहिले नाही ना ते हाताने चाचपून बघा. घरातल्या मोठ्या माणसाला दिसेनासे झाले किंवा ऐकू येईनासे झाले, तर त्याला लपवायला लावू नका. त्याला बसायला जागा द्या आणि हाताला काम द्या. आणि जी वस्तू तुम्ही नुसती पुसून ठेवता, तिला अधूनमधून हातात घेत जा.

आबा झोपेतच वारले, चिमी खड्ड्यात उतरली त्याच्या दुसऱ्या वर्षी. दादा गेल्या उन्हाळ्यात, सोमवारी दुपारी, दवाखान्यात वारले. त्यांच्यामागे पत्नी आणि बहीण असा परिवार आहे असे वर्तमानपत्रात छापून आले. माझे नाव त्यात नव्हते.